नोंदवहीतलं माझं पोट

माझं पोट वाढायला लागलं तेव्हा माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. तिला सहावा महिना होता आणि मला चव्वेचाळिसावं वर्ष. गोंदियाजवळच्या मुर्रीच्या पलीकडच्या आमच्या गावात मी अंगणवाडी सेविका होते. गरोदर बायांची नावं लिहायची, त्यांचं वजन करायचं, पूरक आहार वाटायचा, हे माझं काम. गावात कोणाला दिवस गेले ते मला सगळ्यांआधी कळायचं. माझं स्वतःचं मात्र गावाला माझ्याआधी कळलं.

"बाई, तुमचं पोट लेकीच्या पुढं जाऊन राहिलं," आमची मदतनीस म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसली.

वर्षभरापासून पाळी कधी यायची, कधी नाही, त्यामुळे मलाही छातीठोकपणे नाही म्हणता येईना. दोन घास भात खाल्ला की पोट गच्च. तासातासाला लघवीला पळायचं. कंबर दुखायची. हे सगळं होणारच, असं मी इतकी वर्षं बायांना सांगत आले होते.

लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई आल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काऊन वं बाई, सगळ्या गावाची नावं लिहिते, अन् आपलंच नाव लपवून राहिली?"

"तसं काही नाही, नर्सबाई."

"सगळ्या असंच म्हणतात."

लघवी तपासायची पट्टी संपलेली होती. त्यांनी अंदाजाने महिना धरला आणि माझ्याच नोंदवहीत मुलीच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. लोहाच्या गोळ्या आम्हा दोघींना दिल्या.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चिंचेची चटणी वाटली आणि दोन ताटांत सारखी वाढली. मुलगी जेवता जेवता रडायला लागली. "माय, माझ्या सासरी काय सांगू मी?" नवरा राईस मिलमध्ये वजनकाट्यावर होता. तिथल्या लोकांनी त्याची इतकी मजा घेतली, की तो बाजारातला रस्ता सोडून बांधावरून यायला लागला. एके सकाळी त्याने दबक्या आवाजात विचारलं, "पण कधीपर्यंत आहे?"

"मलेही समजून नाही राहिलं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

पुढच्या महिन्यात मुलीच्या सोनोग्राफीसाठी आम्ही तिघं गोंदियाला गेलो. मुलगी दाराशी चप्पल काढायला थांबली. आतल्या बाईने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि माझा दंड धरला.

"चलो, लेटो."

"मैं नहीं, मेरी बेटी..."

"हाँ हाँ, बेटी हो या बेटा, पहले लेटो."

मी झोपले. खरं सांगते, झोपले तेव्हा बरंही वाटलं. आता एकदाचं कळेल तरी.

डॉक्टरांनी पोटावर थंडगार चिकट लेप लावला आणि यंत्र फिरवायला लागले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्यांचा चेहरा हरवलेली वस्तू शोधणाऱ्या माणसासारखा झाला. समोर भिंतीवर पाटी होती, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. मला वाटलं, त्यामुळेच हे बोलत नाहीत.

"डॉक्टरसाहेब, मुलगा का मुलगी ते आम्हाला नाही पाहिजे," मी म्हणाले. "पण आहे काय, ते तरी सांगा."

त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं. "बाई, हे बाळ नाही. अंडाशयावर गाठ आहे. मोठी आहे. पोटात पाणी भरलंय. उद्याच नागपूरला जा."

मग त्यांनी त्याच टेबलावर माझ्या मुलीला घेतलं. मी तिच्या डोक्याशी उभी राहिले. खोलीत तिच्या बाळाच्या काळजाचे ठोके घुमायला लागले, धावत्या घोड्यासारखे. ती माझ्याकडे पाहून हसली. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. माझ्या पोटावरचा लेप पुसायचा राहिला होता आणि साडी तिथे चिकटून बसली होती.

बाहेर आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, "बाळ नाही, गाठ आहे." तो आधी म्हणाला, "बरं झालं." मग तो तिथेच पायरीवर बसला.

नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ, दोन्ही अंडाशयं, गर्भपिशवी, सगळं काढलं. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे नर्सने ट्रेमध्ये गाठ आणून नवऱ्याला दाखवली. काट्यावरचा माणूस, त्याला आधी वजन विचारायचंच सुचलं. तीन किलो, नर्स म्हणाली. मग तो एसटीडी बूथवर गेला आणि गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. तेव्हा गावात तेवढा एकच फोन होता. मीटर पळत होता, त्यामुळे त्याने थोडक्यात सांगितलं, "मोकळी झाली. तीन किलोचं निघालं. बाई बरी आहे."

दुकानदाराने दुकानातूनच आरोळी दिली. सासूबाईंना खरं काय ते सांगितलेलं होतं, पण तीन किलो ऐकल्यावर त्यांना वाटलं डॉक्टरच चुकले असतील. त्यांनी पावशेर साखर घेतली आणि बुद्धविहारापासून नळापर्यंत चिमूट चिमूट वाटत गेल्या. माझ्या गाठीची साखर अर्ध्या गावाने खाल्ली.

गाठ कॅन्सरची निघाली आणि तिसऱ्या आठवड्यात किमो सुरू झाली. दुसऱ्या डोसनंतर केस गेले आणि त्याच सुमारास मुलगी बाळंत झाली. बाया बाळ पाहायला यायच्या. मी नातवाला मांडीवर घेऊन बसलेली असायचे. दोघांची डोकी सारखीच. एक म्हातारी त्याला पाहून झाल्यावर विचारू लागली, "हे लेकीचं झालं. अन् तुवं कोठं आहे?"

मी म्हणाले, "नागपूरलाच ठेवलं."

ती म्हणाली, "बरं केलंस. दोन दोन कोण सांभाळंल?"

कामावर परत रुजू झाले तेव्हा पर्यवेक्षिका तपासणीला आल्या. नोंदवहीत माझ्या नावापुढचा रकाना रिकामा होता. "असा सोडता येत नाही," त्या म्हणाल्या. जिवंत जन्म, मृत जन्म, गर्भपात, स्थलांतर, यांतलंच काहीतरी लिहायचं. मी कॅन्सरचे कागद दाखवले. त्यांनी ते नीट वाचले, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पण कॅन्सरचा रकाना नाही ना." शेवटी आम्ही दोघींनी विचार करून स्थलांतर लिहिलं.

त्यानंतर मी बचत गटाच्या बैठकांना जाऊन बोलायला लागले. कोणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच वाटायचं, की ही लक्षणं मी स्वतः तोंडपाठ म्हणत होते आणि तरी ओळखली नाहीत. पोट फुगलेलं राहतं, थोड्याशा जेवणाने भरतं, लघवी सारखी होते, आणि हे दोन-तीन आठवडे हटत नाही. मग गॅस म्हणू नका, डॉक्टरला दाखवा. अंडाशय शब्दाशी नेहमी अडायचं. "अंडे खाल्ल्यानं होते का?" हा पहिला प्रश्न. एका गावात तर मी गेल्यावर आठवडाभर कोणी अंडंच विकत घेतलं नाही, आणि कोंबड्यावाली माझ्याशी भांडायला आली.

दरेकशाच्या बाजूच्या एका गावात पुढच्या रांगेत चाळिशीच्या पुढची एक बाई बसली होती. पोट तेव्हाच्या माझ्यासारखंच. तिलाही घास जात नव्हता. मी तिच्या घरच्यांना बाजूला घेऊन गाठीची शंका सांगितली. घरात रडारड झाली. भाऊ आले, बहिणी आल्या. दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरने सात जण तिला गोंदियाला घेऊन गेले. तिला पाचवा महिना होता.

पुढच्या बैठकीत तिने मला सगळ्यांसमोर झापलं. "तू तं मले मारूनच टाकलं होतं वं बाई! नवरा माह्या पायावर पडून माफी मांगत होता!" बाया हसून हसून लोळल्या. मीही हसले, पण घरी येताना रेल्वेत मनात आलं, आता हे बंद करावं. मी काही डॉक्टर नाही.

बंद करायला तिनेच दिलं नाही. तिला मुलगी झाल्यावर काही महिन्यांनी ती लेकराला कडेवर घेऊन थेट आमच्या अंगणवाडीत आली. सोबत तिची जाऊ होती, पन्नाशीची, बारीक, आणि पोट तेवढं पुढे.

"पाह्य हिले," ती जावेला पुढे करून म्हणाली. "पाळी जाऊन चार वर्सं झाली. आता हे पोर आहे असं नोको सांगू."

पोर नव्हतं, माझ्यासारखीच गाठ होती. मी नागपूरला सोबत गेले. किमोच्या खोलीत त्या जावेच्या शेजारी बसायचे आणि ती विचारायची, "तुवे केस कधी आले?" मी डोक्यावरचा पदर काढून दाखवायचे. ऑपरेशननंतर ती सहा वर्षं जगली. त्यातली पाच चांगली होती. धानाची रोवणी केली, नातीचं लग्न केलं. शेवटी पुन्हा पोटात पाणी भरलं, तेव्हा मी भेटायला गेले. जाऊबाई, मला झापणारी तीच, चहा करत होती. ही खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाली, "बाई, त्या दिवशी हिच्या पोटाले तू चुकलीस, म्हणून मी तुह्याकडे आली. चुकली नसती तं तुले कोणं ओरखलं असतं?"

मग तिने जावेला सांगितलं, बाईच्या चहात साखर जास्त टाक.