पाइपातलं कुंकू

जानेफळच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग एसटीत चढवली आणि म्हणाले, "जमलं नाही तं वापस ये. दुकान काई पळून नाही जाऊन राह्यलं." त्यांचं दुकान वेल्डिंगचं. ट्रॉल्या, गेट, पेरणीयंत्रं. मी जाऊ नये असंच त्यांना वाटत होतं, हे खिडकीतूनही दिसत होतं.

गावातल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, आपल्याकडे जोड बाहेरून पक्का दिसला, घासून रंग मारला की झालं. इथे भरूचजवळ इंजेक्शनच्या औषधांच्या कारखान्यात स्टीलचे पाइप जोडताना सगळी काळजी आतल्या बाजूची. जोड आतून काळा पडू नये म्हणून आर्गॉन गॅस सोडायचा, हातमोजे घालायचे, पाइपाचं टोपण शेवटच्या क्षणी काढायचं. सुरुवातीला मला हे सगळं जरा नाटकीच वाटे.

पहिल्या दसऱ्याला मी माती खाल्ली. अवजारांची पूजा केल्याशिवाय हात चालेना. खिशात कुंकवाची पुडी होती. टोपण काढून नव्या पाइपाच्या तोंडाला कुंकू लावलं, हात जोडले, पुसलं आणि जोड मारला. जोड असा सुरेख आला की सुपरवायझरनं पाठ थोपटली.

जेवायला बसलो आणि मनात आलं, पुसताना कुंकू आत गेलं असेल तर? त्या पाइपातून जाणारं पाणी थेट कुणाच्या तरी शिरेत जाणार होतं. पाहिलं कुणीच नव्हतं. गप्प बसलो असतो तर नोकरी शाबूत होती. उठलो आणि सुपरवायझरला सांगून टाकलं.

तो तुकडा कापला. आत लाल रेघ होतीच. सुपरवायझर म्हणाला, तुला ठेवायचं की नाही ते उद्या साहेब ठरवतील. मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला. खरं सांगतो, त्यांनी 'ये' म्हणावं म्हणूनच लावला होता.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तू सोताहून सांगतलं?"

"हाव."

"मंग घरी काऊन येतं? हाकललं तं ये. पण आपल्या मनानं येऊ नको. तुह्यासारखा माणूस तिथंच लागते."

हाकललं नाही. दुसऱ्या दिवशी नवा तुकडा मीच जोडला.

आता माझी मुलगी गुजराती शाळेत जाते आणि आपलं गाव कोणतं म्हणून विचारते. मी जानेफळच सांगतो. तिथे परत जाऊन राहीन असं आता वाटत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. बाबांनी एसटीत बसवलं होतं खरं, पण मला जाऊ दिलं ते त्या फोनवर.