ओल्ड, सॉफ्ट, ब्लू

फोन आला तेव्हा मी दुकानात एक जुना निळा टॉवेल कागदात गुंडाळत होतो. माझ्याच कपाटातला, धुऊन धुऊन मऊ पडलेला. दुपारच्या बसने जळगावहून धुळ्याला जायचं, अक्काच्या हातात तो द्यायचा आणि ती काय म्हणते ते बघायचं, एवढंच डोक्यात होतं. फोन तिला सांभाळणाऱ्या सुमनबाईचा. "भाऊ, अक्का गयी..." याला महिना होऊन गेला. अजून माझ्या मनात येतं, तोच टॉवेल हवा असला तर? एक दिवस आधी सापडला असता तर...

अक्का माझी थोरली बहीण. शाळा सुटली की आम्ही दोघं आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, कापड दुकानात गादीवर बसून अभ्यास करायचो. इंग्रजीत मी ठार ढ. नाम कुठलं आणि विशेषण कुठलं, हे काही केल्या शिरत नव्हतं. दुकानात तर गिऱ्हाईक मालाचं नावसुद्धा घेत नाही. 'जरा फिकी दाखवा', 'अजून हलकी काढा', 'लाल नाही का?' आणि आबा न कंटाळता एकेक घडी मोडून पुढ्यात पसरायचे. रिकाम्या हाताने कुणी जाता कामा नये, हा त्यांचा हट्ट. आणि गिऱ्हाईक उठलं की पहिल्यांदा पसारा आवरायचा, ही आम्हा पोरांची ड्यूटी. एकदा घड्या घालता घालता अक्काने विचारलं, "रेड साडी म्हटलं तर माल कुठला?"

"साडी."

"आणि गिऱ्हाइकाची आवड?"

"रेड."

"झालं तर. माल म्हणजे नाउन, आवड म्हणजे ॲडजेक्टिव्ह. यात रडण्यासारखं काय आहे रे?"

पुढे ती धुळ्याला शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतरही तिच्या पुढच्या खोलीत पोरांची शिकवणी चालायची, आणि सगळ्यांना हेच दुकान दाखवलं जायचं. कुणी पोरगं 'आय ॲम हंगर' म्हणालं की ती चष्म्यावरून बघायची. "तू स्वतःच भूक आहेस होय? बस मग, तुला कोण जेवायला वाढणार!" पोरं खिदळायची. मग सगळे सुरात म्हणायचे, हंग्री बॉय, ओल्ड अंब्रेला, सॉफ्ट पिलो. रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

मग अटॅक आला, मेंदूला. ती वाचली; पण वस्तूंची नावं गेली. पाणी, चष्मा, उशी, सुमनबाई... माझंही नाव गेलं. डॉक्टर म्हणाले, तिला सगळं कळतंय, पण नाव सापडत नाही. जन्मभर पोरांकडून घोकून घेतलेली विशेषणं तेवढी जिभेवर राहिली. पाण्यासाठी 'कोल्ड' म्हणायची, चहासाठी 'हॉट'. तेवढ्यावर आमचं भागत होतं. शेवटच्या आठवड्यात मात्र तिने एकच लावून धरलं. "ओल्ड... सॉफ्ट... ब्लू..." आणि माझ्याकडे बघत राहायची. मला राग यायचा, तिचा नाही, कुणाचा ते कळत नव्हतं. अख्खा जन्म जिने दुसऱ्यांना शब्द दिले, तिच्यापाशी हवी ती वस्तू मागायला एक शब्द उरू नये?

मी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या बोलण्यावरून माल काढणारा माणूस. माझ्या बहिणीला काय हवंय ते मला सापडणार नाही? निळी चादर काढली. निळं लुगडं काढलं, आईचं. शाल, उशीचा अभ्रा, फळा पुसायचं फडकं, आबांच्या वेळच्या शर्टाचं कापड. प्रत्येक वेळी ती आशेने बघायची, हात लावायची, आणि मान हलवायची... नाही. शेवटी सुमनबाई दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, घरमा जे शे ते बठ्ठं दखाडं. आते काय बाकी शे?" घरातलं सगळं दाखवून झालं होतं, तिचं खरं होतं; तरी मी तिच्यावर ओरडलो. अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने माझं मनगट धरलं आणि पुन्हा तेच म्हणाली, अगदी हळू, मी ढ असताना म्हणायची तसं. मी म्हटलं, "आणतो अक्का, जळगावच्या घरी बघतो." तीच आमची शेवटची भेट.

आता दुकानात कुणी 'जरा मऊ दाखवा' म्हटलं तरी माझे हात थांबत नाहीत. बाई 'पुरे, पुरे' म्हणतात, मी कपाट रिकामं करत जातो. दर रविवारी धुळ्याला जातो. खोली बंदच असते. तिच्या कॉटवर ते सगळं निळं तसंच पसरलंय, आता त्यात माझा टॉवेलही आहे. सुमनबाई म्हणते, आवरून टाका. बरोबर आहे तिचं. गिऱ्हाईक केव्हाच उठून गेलंय, घड्या घालायला हव्यात. मी एक कापड उचलतो, खिडकीच्या उजेडात धरतो... आणि घडी घालायच्या ऐवजी विचारतो, "हे का गं, अक्का?"