साडभाऊंनी बॅट निवडली

घाई नावाची गोष्ट जगात आहे, हे आमच्या साडभाऊंना अजून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आरमोरीला राहतात, धानाची शेती करतात आणि उरलेल्या वेळात वस्तू निवडतात. बाजारात एकेक वांगं ते असं कुरवाळतात की विकणारी बाई म्हणते, "भाऊ, भाजी नेऊन राह्यले का लेकीले सासरी धाडून राह्यले?" चप्पल घ्यायची तर दुकानातच अर्धा कोस चालतात, दुकानदार त्यांना चहा देतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

पाऊस उघडल्यावर ते गडचिरोलीला आमच्याकडे आले आणि कॉलनीत आम्ही नव्यानं सुरू केलेला पिकलबॉल त्यांनी पाहिला. भोकाभोकांचा पिवळा चेंडू जाळीवरून तरंगत येतो, पोळपाटाएवढ्या चपट्या बॅटनं तितक्याच हळू परत जातो. साडभाऊ संध्याकाळभर बघत राहिले, झोपेत हसावं तसं हसत. शेवटी म्हणाले, "मले ही बॅट घ्याची आहे."

मग निवड सुरू झाली. दर आठवड्याला ते एसटीनं येत, प्रत्येकाची बॅट मागून घेत, डोळे मिटून हवेत फिरवत, तिच्यावर चेंडू टाकून कान लावत. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते असं कोणीतरी सांगितलं, तेव्हापासून हुंगूही लागले. "जड बॅट हाताले थकवते," ते समजावत, "अन् लय हलकी चेंडूले भेते." खेळायला बोलावलं की उत्तर ठरलेलं, "आधी बॅट तं भेटू द्या!" आणि तक्रारही ठरलेली, मूठ जाड आहे.

एकदा मला राहवलं नाही. "भाऊ, तुमच्या हातात ही मूठ काडीसारखी दिसते, अन् तुम्ही जाड म्हणता?"

ते लाजले. आपल्या रुंद पंजाकडे पाहत म्हणाले, "माह्या हाताचं नाई. बाईचा हात लहान आहे."

बाई म्हणजे त्यांची बायको. एकुलती लेक लग्न होऊन गेल्यापासून बाई गप्प झाल्या होत्या. कामं सगळी होत. बोलणं मात्र 'जेवून घ्या'च्या पुढं जात नसे. "इथी तुमच्या बाया खेळता खेळता कशा हासतेत," साडभाऊ म्हणाले, "तसं तिनं हासावं वाटते मले."

दोघी बहिणींचे हात सारखे, म्हणून ते माझ्या बायकोला नागपूरला घेऊन गेले. एका दुकानात बिचारी संध्याकाळपर्यंत बॅटा धरून उभी होती. मुठीभोवती बोटं मिटल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट सरकलं पाहिजे, असा साडभाऊंचा हिशेब. तशी एक मिळाली. स्वतःसाठी त्यांनी शेजारचीच उचलली, न बघता.

बाईंनी बॅट पाहिली आणि म्हणाल्या, "या वयात? लोक काय म्हणतीन?" दोन्ही बॅटा खुंटीला लागल्या. साडभाऊंचं येणं थांबलं. फोन केला तर धानाचं बोलत, खेळाचं नाही.

धान घरात आल्यावर आम्ही न कळवताच आरमोरीला गेलो. दिवस कलला होता, तळ्यावरून धुकं उतरत होतं. रिकाम्या खळ्यात दोन बांबूंना मासे धरायचं जुनं जाळं ताणलेलं, आणि पदर खोचून बाई उभ्या. पलीकडे साडभाऊ. त्यांना खेळ मुळीच येत नव्हता. त्यांचा चेंडू कधी धानाच्या तणसाच्या ढिगात, कधी गोठ्यावर. बाई तो निमूट शोधून आणत आणि अलगद, नेमका नवऱ्याच्या बॅटवर टाकत. बॅट हलवायचीही गरज पडू नये, असा.

"पाह्यलं?" साडभाऊ बाईंना ओरडून म्हणाले. "बॅट कशी निवडली म्या!"

बाई हसू लागल्या. पदर तोंडाशी नेला तरी हसू थांबेना.

माझी बायको फाटक उघडणार होती. मी तिचा हात धरला. हाक मारली असती तर त्यांनी खेळ टाकून आमच्यासाठी चहा ठेवला असता. चेंडू दिसेनासा झाला तरी ते दोघं खेळत होते, आणि आम्ही फाटकाबाहेर नुसते उभे होतो.