सुरांच्या डोक्यावरची अक्षरं

मालवणात बँकेची नोकरी करता करता चाळिशीत मी पियानो शिकायला लागले. सर देवबागचे, उमेदीची वर्षं गोव्यातल्या हॉटेलांत पियानो वाजवून गावी परतलेले. प्रत्येक बोटाचा सूर कागदावर लिहिलेला दिसला की मी निर्धास्त असे. एक दिवस सरांनी वेगळाच कागद पुढे ठेवला. त्यावर नुसती चाल आणि तिच्या डोक्यावर, थोड्या थोड्या अंतरानं, अक्षरं: सी, एफ, जी सेव्हन. प्रत्येक अक्षर म्हणजे एक कॉर्ड, एकत्र वाजणारे तीन-चार सूर. ते एकदम दाबायचे की एकामागून एक सोडायचे, हे वाजवणाऱ्यानं ठरवायचं. "पुढच्या वेळी, सर," म्हणत चार महिने मी तो कागद टाळला.

मग सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला.

ते इस्पितळातून घरी आल्यावर मी भेटायला निघाले. काय बघावं लागेल, कोण जाणे. त्यांच्या बायकोनं, काकींनी, दारातच सांगितलं, "ये गो. ते सकाळपासून तुझीच वाट बघतत."

सर पियानोच्या बाकावर उजव्या टोकाला बसले होते. समोर तोच कागद. जीभ अडखळत होती.

"माका एकच हात आसा," ते म्हणाले. "दुसरो तुझो."

डाव्या हातानं त्यांनी चाल धरली. मी अक्षरं बघत खालचे सूर लावत गेले. तळवे घामानं ओले, बोटं पट्ट्यांवरून निसटत होती. चुकण्याची भीती होतीच, पण माझ्यामुळे ते थांबले तर पुन्हा वाजवतील का, ही भीती त्याहून मोठी.

तिसऱ्या ओळीत मी चुकलेच. एफच्या जागी डी मायनर. मी हात उचलणार, एवढ्यात सर ओरडले, "सोडू नको!" आणि त्यांनी चालच वळवली. कागदावर नसलेले दोन-तीन सूर घेत माझ्या चुकीजवळ आले, तिथे जरा रेंगाळले आणि सावकाश मूळ चालीवर परतले.

शेवटी मी विचारलं, "मी चुकले ना, सर?"

"चुकलंस. पण थांबाक नायस."

आता दर रविवारी जाते. अक्षरांना मी फारशी घाबरत नाही. अंगणात पोचल्यावर मात्र क्षणभर थांबून कान देते, आत ते वाजवतायत ना म्हणून.