पाठीवरचं गाव

संग्रहालयात त्यांना सगळे खांबराव म्हणत. एकोणतीस वर्षं मातीच्या भांड्यांच्या दालनात, एकाच दाराशी, पाठ ताठ ठेवून उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याला दुसरं काय म्हणणार? एकदा चष्मा घरी विसरलेल्या एका आजींनी त्यांच्या हाताला छत्री अडकवून ठेवली होती, अशी गोष्ट सांगत. खांबराव ती नाकारत नसत. "छत्री हलकी होती," एवढंच म्हणत.

उभं राहणं ही एक विद्या आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. बूट अर्ध्या मापाने मोठे घ्यायचे, कारण दुपारनंतर पाय फुगतात. मोज्यांचा कोरडा जोड खिशात ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बदलायचा. निम्मा थकवा तिथेच उतरतो. गुडघे कधी आवळून ठेवायचे नाहीत. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, तेही घोट घोट. ही विद्या घ्यायला आजवर कोणी शिष्य आला नव्हता. त्यामुळे लेकीने एका संध्याकाळी "बाबा, दिवसभर गर्दीत टिकायचं तर काय काय करायला लागतं?" असं विचारलं, तेव्हा त्यांना आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली.

लेक बावीस वर्षांची. दीड वर्षापूर्वी फुप्फुसांच्या दुखण्याने चार महिने अंथरुणाला खिळली होती. आता डॉक्टरांनी ठणठणीत म्हणून सांगितलं होतं, पण डॉक्टर काही जिन्यात उभे राहत नाहीत. जिन्यात ती मधल्या वळणावर थांबायची, आणि मागून कुणाची पावलं वाजली की चटकन मोबाईल काढून त्यात काहीतरी वाचल्याचं सोंग करायची. आपल्याला दम लागतो हे कुणाला दिसू नये म्हणून तिने मैत्रिणींकडे जाणं सोडलं, मग बाजारात जाणं सोडलं. कोणी विचारलं की बायको म्हणायची, "आहे घरातच." खांबरावही तेच म्हणायचे.

घरात बसून ती एक गाव बांधत होती. तिच्या आवडत्या चित्रकथेत एक म्हातारी कासवीण होती, पाठीवर अख्खं गाव घेऊन चालणारी. तिची ती पाठ लेकीने फोम आणि पुठ्ठ्यातून घडवली होती. वर चढत जाणाऱ्या गल्ल्या, दोरीवर वाळत घातलेले नखाएवढे सदरे, एका गच्चीवर उलटी ठेवलेली बादली, आणि दोनशे चौदा खिडक्या, प्रत्येकीत बारीकसा दिवा. मागून दप्तरासारखे पट्टे. चित्रकथांच्या चाहत्यांचं वर्षातून एकदा संमेलन भरे. तिथे चार वाजता वेश करून आलेले लोक रंगमंचावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस पावलं चालत जातात. तिने त्यात नाव घातलं होतं.

"जिना चढवेना, आणि म्हणे गाव वाहणार!" बायको म्हणाली.

"आई, रंगमंच सपाट असतो गं."

"आणि मध्येच दम लागला म्हणजे? सगळ्या जगासमोर?"

लेकीने मान खाली घालून दोरीवरचा एक सदरा सरळ केला. बायकोने शब्द परत घ्यावा तसं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. खरी भीती तीच होती, आणि ती तिघांनाही ठाऊक होती. या चाळीस पावलांत पोर अडखळली तर ती पुन्हा खोलीत जाऊन बसेल, आणि या खेपेला कोणत्या औषधाने बाहेर काढायची?

खांबरावांनी विचारलं, "वजन किती?"

"साडेसहा किलो."

"रुंदी?"

"बाबा!"

"दारातून जायला नको? आमच्याकडे एक नियम आहे. आधी वाट, मग वस्तू."

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी ते मोजपट्टी घेऊन संमेलन भरायचं त्या प्रदर्शन केंद्रावर गेले. तिथल्या पहारेकऱ्याने हटकलं, तेव्हा "मीही तुमच्यातलाच," म्हणाले, आणि दोघं आधी पायांच्या दुखण्याबद्दल अर्धा तास बोलले. मग त्यानेच सगळं हिंडवून दाखवलं. दारं किती रुंद, लिफ्ट कुठे, बाकं किती, पाण्याचा नळ कोणता गार, स्वच्छतागृहाची रांग कुठे कमी असते, पंख्याचा वारा कोणत्या कोपऱ्यात लागतो. खांबरावांनी कागदावर नकाशा काढला. तळमजल्याच्या टोकाला एका दारावर 'शांत खोली' अशी पाटी होती. "गर्दीने जीव घाबरला की लोक इथे येऊन बसतात," तो म्हणाला. खांबरावांनी तिथे फुली मारली आणि ती गिरवून जाड केली.

संमेलनाच्या दिवशी पिशवीत केळी, उकडलेली अंडी, मीठ-साखरेचं पाणी, मोज्यांचे चार जोड, सेफ्टी पिना, गोंदाची नळी, आणि संग्रहालयात भांडी हलवताना वापरतात तसली जाड घोंगडी होती. गाव त्या घोंगडीत गुंडाळून बापलेक टॅक्सीने निघाले. उद्घाटनाची गर्दी ओसरल्यावर, दहाच्या सुमाराला आत शिरायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

आत पाऊल टाकलं आणि खांबराव सगळे नकाशे विसरले.

ते सभागृह त्यांनी रिकामं पाहिलं होतं. आता छतापर्यंत माणसं भरली आहेत असं वाटत होतं, कारण काहींना दहा दहा फुटांचे पंख होते. एक सांगाडा एका राजकन्येच्या बुटाची नाडी बांधत होता. निळ्या चेहऱ्याचे तीन योद्धे जमिनीवर बसून एकाच डब्यातलं खात होते. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ अंगभर झाडाची साल लेवून उभे होते आणि त्यांच्या फांदीवर, लोकरीने विणलेले, वीस-पंचवीस पक्षी होते. एकसारखे दोन नव्हते. खांबराव वाकून बघत राहिले. एकेका चोचीला किती वेळ लागला असेल?

"बाबा, तोंड मिटा," लेक हसून म्हणाली.

पंख्याच्या कोपऱ्यात त्यांनी गाव उघडून तिच्या पाठीवर चढवलं. पाच मिनिटांत भोवती माणसं जमली. एका बाईंचा चेहरा खिडक्यांच्या अगदी जवळ आला, आणि खांबरावांच्या तोंडून सवयीने "हात लावू न..." एवढं निघालंसुद्धा. पण बाईंचे दोन्ही हात पाठीमागे होते. "थोडं जवळून बघू का हो?" त्यांनी लेकीला विचारलं. त्यांच्यामागच्या मुलीनेही विचारलं. फोटो काढणाऱ्यानेही आधी विचारलं. एकोणतीस वर्षं जे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणायला लागतं, त्याची इथे हजारोंच्या गर्दीत कुणाला गरज नव्हती. आणि त्यांच्या दालनात लोक भांड्यांपुढे किती वेळ थांबत? चार सेकंद, कंटाळ्याच्या दिवसांत त्यांनी मोजलं होतं. इथे त्या बाई उलट्या बादलीपुढे पाच मिनिटं उभ्या होत्या. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "या घरात पाणी आलं नाहीये आज."

लेक खळखळून हसली. ते हसू ऐकून खांबरावांना वाटलं, आता परत गेलो तरी चालेल.

पण चार वाजायचे होते. तीनला रांगेत उभं राहायचं होतं, आणि एवढी तयारी केलेला माणूस चुकला तो नेमका तिथे.

रंगमंचामागची बोळकंडी अरुंद होती, वारा नव्हता, आणि खुर्ची एकच होती. खांबरावांनी चपळाईने ती पकडली, तिच्यावर घोंगडीची घडी घातली, आणि लेकीच्या पाठीवरचं गाव उतरवून, दोन्ही हातांनी बुडाला आधार देत, अलगद खुर्चीत ठेवलं. मग बाजूला पहाऱ्याला उभे राहिले. कुणाचा धक्का लागू नये म्हणून एक हात आडवा. पाऊण तास ते त्या गावावरून नजर न हलवता उभे होते.

त्यांच्या पुढे एक जाडजूड बाई होत्या, चहाच्या किटलीच्या वेशात. एरवी बस चालवत. त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो काका, खुर्ची कासवाला आणि पोर उभी? हा कुठला न्याय?"

खांबरावांनी मान वळवली. लेकीचे ओठ पांढरे पडले होते. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईल बंद होता. पुढच्या क्षणी ती भिंतीला घासत खाली बसली.

वस्तूची वाट आखली, वस्तूला आसन दिलं, आणि जिच्यासाठी सारा खटाटोप तिला पाऊण तास कोंदट हवेत उभं केलं! कपाळावर हात मारायलाही त्यांना सुचेना. किटलीबाईंनीच सूत्रं हातात घेतली. "उचला पाण्याची बाटली. ए पंखवाल्या, पंखाने वारा घाल, शोभेला लावलेत का ते? शांत खोली कुठेय?"

"तळमजला, डाव्या हाताला, एकशे दहा पावलं," खांबराव म्हणाले. आवाज कापत होता, पण आकडा बरोबर होता.

शांत खोलीत मंद दिवा होता. एक स्वयंसेविका होती; तिने नाडी पाहिली आणि फार प्रश्न विचारले नाहीत. मीठ-साखरेचं पाणी, एक केळं, पाय उशीवर. खांबराव कोपऱ्यात उभे होते.

"चूक माझी," ते म्हणाले. "चल, घरी जाऊ."

"किती वाजले?"

"सव्वाचार. सातवा नंबर तुझा, तो तर गेलाच."

दारात किटलीबाईंचं तोटीसकट डोकं दिसलं. "गेला कसा? कासवीण शेवटी येणार असं ठरलंय रांगेत. सगळे एकेक जागा पुढे सरकलेत. कासवाने शेवटी पोचावं, हेच बरोबर नाही का? तिचं गाव सांभाळायला झाडवाले आजोबा बसलेत. यायचं असेल तर ये गं बाळा. नसेल तर नको, कोणी रागावणार नाही."

चाळीस-पन्नास अनोळखी माणसांनी, विनंती न करता, वाद न घालता आपापले नंबर बदलले होते. बसच्या रांगेत एका माणसाला पुढे घ्यायचं तर महाभारत होतं! खांबराव अजून घरी जायला पिशवी आवरत होते. लेक मात्र उठून बसली होती आणि पट्टे कुठे आहेत म्हणून विचारत होती.

सव्वापाचला ती रंगमंचावर गेली.

खांबराव प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या कडेला, किटलीबाईंशेजारी उभे होते. ते पावलं मोजत होते. कासविणीची चाल संथ होती, गाव उजळलेलं होतं, टाळ्या कडाडत होत्या. अठरा. एकोणीस. वीस.

विसाव्या पावलाला ती थांबली.

खांदे वरखाली होताना इथूनही दिसत होते. ती हळूहळू गुडघ्यावर टेकली. मग गावातल्या खिडक्या विझू लागल्या. आधी खालची गल्ली, मग मधली, मग वरची. बॅटरीही गेली! खांबरावांनी रंगमंचाच्या पायरीवर पाऊल ठेवलं, तोच किटलीबाईंनी त्यांचा कोट घट्ट धरला.

"सोडा मला. तिला दम लागलाय."

"श्श. कासवीण थांबली की गाव झोपतं."

"म्हणजे?"

"पुस्तकात तसंच आहे. आता आवाज करायचा नसतो."

खांबरावांनी मागे वळून पाहिलं. दोन हजार माणसं होती. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. मोबाईल एकेक करून उपडे होत होते. एक तान्हं मूल कुरकुरलं, तर त्याच्या आईने त्याला छातीशी धरून थोपटलं. पंख मिटले गेले, तलवारी खाली आल्या, आणि त्या एवढ्या थोरल्या सभागृहात पंख्यांची घरघर तेवढी उरली. माणसं श्वाससुद्धा जपून घेत होती. का, तर पुठ्ठ्याच्या घरांत कुणाची झोपमोड होऊ नये. आणि त्या शांततेच्या मधोमध त्यांची लेक, सगळ्या जगासमोर, घाई न करता, मनसोक्त दम खात होती.

खांबराव देवभोळे नव्हते. पण त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग वरच्या गल्लीत एक खिडकी लागली. तिच्या शेजारची लागली. मग तीन, मग दहा, आणि शेवटी दोनशे चौदा. कासवीण उठली. एकविसावं पाऊल पडलं तेव्हा लोकांनी जो आवाज केला, त्याने खांबरावांच्या छातीत धडधडलं. चाळिसावं पाऊल त्यांना दिसलंच नाही. डोळ्यांतलं पाणी पुसायला रुमाल शोधत होते आणि खिशातून मोजे निघाले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मला वाटलं, तू पडलीस."

"मला खरंच दम लागला होता, बाबा. विसाव्या पावलाला लागणार हे ठाऊक होतं. घरी रोज मोजत होते." पट्ट्यात लपवलेली दिव्यांची कळ बंद करून ती पट्टे सोडवत होती. "म्हणून तर हिला निवडलं. बाकी सगळी पात्रं पळतात, उडतात, लढतात. ही एकटीच थांबते, आणि ती थांबली म्हणून कोणी हसत नाही."

खांबरावांनी दुसरा पट्टा सोडवला. तेवढ्यात त्यांचे पाय बोलू लागले. टाचांपासून कंबरेपर्यंत ठणका. ते बाकावर धपकन बसले, दिवसाउजेडी कधी न बसलेला माणूस, आणि गाव शेजारी ठेवून घेतलं.

"बसा तुम्ही," लेक म्हणाली. "मी त्या विणलेल्या पक्ष्यांकडे जाऊन येते. मग वरचा मजलाही राहिलाय."

"एकटी?"

"किटलीमावशी आहेत की वर. आणि दमले तर थांबेन."

ती गर्दीत शिरली. पंखांच्या, शिंगांच्या, टोप्यांच्या मधून तिचं डोकं थोडा वेळ दिसलं, मग दिसेनासं झालं. खांबरावांनी मान उंच केली नाही.

दोन मुली येऊन बाकापुढे उभ्या राहिल्या. "काका, ही कासवीण तुमची? वेश कोणी केला होता?"

"लेकीने. येईलच ती," खांबराव म्हणाले. "फिरायला गेलीये."

मुली गावात डोकावून बघू लागल्या. खांबरावांनी बूट काढले, पाय लांब केले, आणि कुणी विचारलं नसताना पुन्हा म्हणाले, "फिरायला गेलीये ती. वरच्या मजल्यावर."