चहा माझा होता

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. लातूरच्या आमच्या घरी लेकीनं टेबलावर ठेवायचा टचस्क्रीनचा व्हिडिओ फोन पाठवला होता. बायको त्यावर रोज नातीशी बोलायची. एक दिवस तो बंद पडला. "ओल्या फडक्यानं पुसलास, अजून काय!" मी तिच्यावर ओरडलो. चार्जर बदलून थकलो, शेवटी नांदेडला दुरुस्तीला नेला. कारागिरानं उघडून दाखवलं. आत चहा सांडून वाळला होता.

"काका, आता हे न्हाई उठत."

बायको चहा पीतच नव्हती. घरी येऊन मी एवढंच म्हणालो, "गेला तो."

लेकीनं नवा पाठवला. तो वाजला की बायको कोरडे हात पदराला पुसत म्हणायची, "तुम्हीच दाबा, माझे हात ओले हायत."

ती जाईपर्यंत "चहा माझा होता, माझं चुकलं" एवढं मला तिला म्हणता आलं नाही.