अमाय फालेसी गाडीत बसल्या

आमच्या गावचा जेलोस म्वाले हा नदीपलीकडच्या जंगली जनावरांच्या उद्यानात गाइड झाला तेव्हा सगळं गाव त्याच्या आईचं अभिनंदन करायला गेलं. अमाय, म्हणजे आई, असंच आम्ही सगळे त्यांना म्हणतो. अमाय फालेसींनी सगळ्यांना बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "कौतुक पुरे. त्याला दुसरं काही काम मिळत असेल तर सांगा."

आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. त्यांचा नवरा लुआंग्वा नदीत मासे धरायचा, आणि त्याच नदीत मगरीने त्याला नेलं. जेलोस तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्यानंतर अमायनी नदीत पाय घातला नाही. भुईमूग लावला, शाळेबाहेर बसून विटुंबुवा तळले, त्या गोड गोळ्यांवर पोराला शिकवलं. आणि शिकूनसवरून पोरगा गेला तो थेट सिंह-हत्तींत.

मी मातेयो, जेलोसच्याच गाडीवर असतो. माग काढायचा, जनावर दिसलं की दाखवायचं, हे माझं काम. सुट्टीला गावात आलो की अमाय मला हमखास गाठायच्या.

"काल कुठे नेलं त्याने तुम्हाला?"

"इथंच, जवळ. काही विशेष नाही."

"खोटं बोलताना तू नाक खाजवतोस, मातेयो. लहानपणापासून."

मग मी खरं सांगायचो आणि त्यांची रात्र खराब करायचो. गाडीवर तर त्यांचा फार राग होता. "दार नाही, काच नाही. एवढ्या लांबून माणसं येतात आणि असल्या गाडीत बसतात. त्यांच्या घरी कोणी वडीलधारं नाही का?"

यंदा सप्टेंबरात फोटो काढणाऱ्यांची एक छोटी तुकडी आली. मोजकीच माणसं, पण प्रत्येकाजवळ हाताएवढी लांब लेन्स. त्यांच्यात इंगेर नावाच्या डेन्मार्कच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. एका दुपारी त्या गाव बघायला आल्या, अमायच्या हातचे विटुंबुवा खाल्ले आणि जेलोसला मध्ये घालून गप्पा मारत बसल्या. अमायनी त्यांना सरळ विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. पण तुमचा मुलगा असतो ना," इंगेर म्हणाल्या.

"तेच तर. मला त्याच्यासाठीच भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी तुकडीतल्या एकीचं पोट बिघडलं आणि गाडीत जागा रिकामी झाली. इंगेरबाईंनी हट्टच धरला, त्या जागेवर जेलोसच्या आईला न्यायचं. पाहुण्यांच्या कॅम्पचा मॅनेजर कबूल झाला. अमाय काही होईनात.

"माझी कोंबडी अंड्यांवर बसलीये," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ भांडी घासत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "येते. पण पुढे बसणार, त्याच्या शेजारी. काही झालंच तर माझा हात त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे."

सकाळी त्या चर्चला जायचे लालभडक कपडे घालून हजर. जेलोस चाचरत म्हणाला, "अमाय, जंगलात हा रंग नको."

"माझ्याकडे चांगले एवढेच आहेत. पाहुण्यांसमोर काय फाटकं नेसून येऊ?"

त्याने स्वतःचा हिरवा स्वेटर काढून त्यांच्या अंगावर चढवला. बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या. मी हसलो तर म्हणाल्या, "पुढे बघ. तुझं काम ते आहे."

नदीच्या पुलावर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. पलीकडे गेल्यावर हळूहळू उघडले. पुकू हरणांचा कळप दिसला. पाहुणे गाडीच्या तळाशी पालथे पडून कॅमेरे लावायला लागले, तेव्हा त्या माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "यांना उभं राहून दिसत नाही का?"

काट्याच्या उंच झाडांखाली हत्तिणी शेंगा वेचत होत्या. त्यांच्यात एक अगदी लहान पिल्लू, आईच्या पायांतून निघायला तयार नाही. जेलोसने बऱ्याच अलीकडे गाडी थांबवली. हेन्रिक नावाच्या पाहुण्याने त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्या वाळक्या ओंडक्यापर्यंत घे, म्हणाला, तिथून उजेड पिल्लाच्या तोंडावर पडेल.

"नाही," जेलोस म्हणाला.

हेन्रिक म्हणाला, मागच्या वर्षी दुसऱ्या गाइडने नेलं होतं. आपण या एका फोटोसाठी इतक्या लांबून आलोय. शेवटी म्हणाला, जेलोसला भीती वाटत असेल तर तसं सांगावं.

"वाटते," जेलोस म्हणाला. "इथूनच काढा."

अमायना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी हळूच मला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी सांगितलं.

"आणि आपला?"

"नाही म्हणाला."

"तो रागावलाय ना?"

"चांगलाच."

"तरी नाहीच?"

"तरी नाहीच."

तेवढ्यात पिल्लाच्या आईने मान वर केली. कान पसरले आणि धूळ उडवत आमच्याकडे निघाली. "कोणी हलू नका," जेलोस म्हणाला, जेवायला बसा म्हणावं इतक्या साध्या आवाजात. अमायचा हात त्याच्या दंडावर गेला. हत्तीण आली ती थेट त्या ओंडक्यापर्यंत. तिथं थांबली, पाय आपटला, सोंड उंचावून आमचा वास घेतला. कोणाच्याही कॅमेऱ्याचा आवाज झाला नाही. मग ती वळली आणि पिल्लाला पुढे घालून कळपात गेली.

चहाला उतरलो तेव्हा हेन्रिक जेलोसजवळ गेला आणि त्याचा हात दाबला. अमाय माझ्या शेजारी बसल्या. फडक्यातला उकडलेल्या रताळ्याचा तुकडा मला दिला आणि म्हणाल्या, "याच्या बापाचं तुला काय माहीत आहे?"

"मगरीचं."

"ते सगळ्यांनाच माहीत आहे. त्या दिवशी जाळं पाण्यात अडकलं होतं. त्याला उतरायचं नव्हतं, मी काठावरून बघत होते. बरोबरचे हसले, घाबरला म्हणाले. झालं, उतरला. गोड माणूस होता रे. उभ्या आयुष्यात कोणाला नाही म्हणाला नाही."

त्यांनी आपल्या रताळ्याचं साल सोलून काढलं.

"जेलोसचं हसणं तसंच आहे. लोक सांगतात, किती गोड मुलगा, पाहुण्यांचं सगळं ऐकतो. ऐकून वाटायचं, हा बापावर गेलाय." मग त्यांनी जेलोसकडे बघितलं. "नाही गेला. माझ्यावर गेलाय."

परतताना त्या झोपल्या. मान मागे टाकून, तोंड उघडं, बारीक घोरत. गाडी पुलावरून गेली तरी जाग आली नाही. जेलोस गचके चुकवत इतका सावकाश चालवत होता की आम्ही जेवणाला उशिरा पोचलो. पाहुणे एका शब्दाने कुरकुरले नाहीत.

भीती काही सगळी गेली नाही. अजून मला गाठतात, पण आता विचारतात, "आज कोणाला नाही म्हणाला?" आणि मी ऐकवतो ते किस्से खुशाल हसत ऐकतात.

गेल्या महिन्यात शेजारच्या टिसाऊकेच्या मुलीची गाइडच्या शिक्षणासाठी निवड झाली. टिसाऊके डोळे पुसतच अमायकडे आली. मी तिथंच होतो.

"पोरगी नाही म्हणते का कोणाला?" अमायनी विचारलं.

"घरात तर सगळ्यांनाच म्हणते. मला, बापाला, आजीला."

"मग जाऊ दे तिला," अमाय म्हणाल्या आणि शेंगा फोडायला लागल्या.